मुरमांवर मेकअप करायचा तर

मराठीत मुरूम दोन आहेत. एक चेहऱ्यावर येतो, दुसरा रस्ता करताना पसरतात, तांबूस आणि खडबडीत. रस्त्यावरच्या मुरमावर रंग मारला तर त्याचा रंग बदलेल, रस्ता सपाट होणार नाही. चेहऱ्यावरच्या मुरमाचंही तसंच आहे, पण हे उमजायला मला बरीच वर्षं लागली. हनुवटीवरच्या एखाद्या फुगीर पिंपलवर कन्सीलरचा तिसरा थर देताना वाटायचं, अजून जरासा लावला की दिसेनासा होईल. व्हायचं उलटंच. थर जितका जाड, तितका तो उजेडात उठून दिसायचा, आणि दोन तासांत त्याच्या कडेला पोपडे सुटायचे.

मेकअप लाली झाकतो, डाग झाकतो. उंचवटा झाकत नाही. एवढं एकदा मनानं घेतलं की निम्मं सामान आपोआप गळून पडतं, आणि मुरमं येणाऱ्या त्वचेला कमी सामानच मानवतं.

आधी चेहरा ओळखा

चेहरा धुऊन दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहा आणि आरसा हातभर लांब धरा. दुप्पट मोठं दाखवणारे आरसे या कामाला वाईट. त्यात प्रत्येक छिद्र विहिरीएवढं दिसतं आणि मग माणूस ते बुजवायला निघतो.

काय दिसतंय ते वेगळं करा. काळे ठिपके आणि कातडीच्याच रंगाच्या बारीक पुळ्या म्हणजे बुजलेली छिद्रं. लाल, दुखरे, पू धरलेले ते दाह झालेले मुरूम. आणि उरलेल्या जुन्या खुणा: तपकिरी किंवा लाल डाग, काही ठिकाणी खड्डे. डाग हा रंगाचा प्रश्न आहे, तो मेकअपला सुटतो. लाल मुरमाचा अर्धा सुटतो. पुळ्या आणि खड्ड्यांच्या बाबतीत मेकअप फार तर बिघडवत नाही, एवढंच.

मग प्रश्न येतो, हे सगळं मेकअपमुळेच झालं का? कधीकधी होतं. अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' या नावानं या प्रकाराचं वर्णन केलं: वयात येऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांच्या चेहऱ्यावरच्या, फारशा न दुखणाऱ्या, पण हटायचं नाव न घेणाऱ्या बारीक पुळ्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७० मध्ये, केसांना लावायच्या तेलकट मलमांमुळे कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या मुरमांवरही लिहिलं गेलं होतं. म्हणून पुळ्या फक्त केसांच्या कडेनं असतील तर फाउंडेशनला दोष देण्याआधी डोक्याला काय लावता ते आठवा.

यात एक फसवी गोष्ट आहे. छिद्र आतून बुजायला लागल्यापासून वर पुळी दिसेपर्यंत काही आठवडे जातात, कधी दोन महिनेसुद्धा. त्यामुळे 'काल नवीन क्रीम लावलं आणि आज पिंपल आला' हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. तो पिंपल आधीच वाटेत होता. उलट एका दिवसात आग, खाज, लाली आली तर ती त्वचा चिडल्याची खूण, आणि ती वस्तू लगेच बंद.

कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्यांचं पीक आलं असेल तर ते मुरूम नसूही शकतात. त्वचेवर राहणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे असं होतं आणि त्याचं औषध वेगळं असतं. अशा वेळी मेकअप बदलत बसण्यात अर्थ नाही, डॉक्टरांना दाखवा.

डबीवरचं वाचन

'नॉन-कोमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारं. हा शब्द दिसला की बरं वाटतं, पण त्याच्यामागे सगळ्यांना बांधणारी एकच ठरलेली चाचणी नाही. अमेरिकेतसुद्धा या शब्दाची कायदेशीर व्याख्या नाही. एखादी कंपनी माणसांवर तपासून लिहिते, एखादी फक्त घटकांची यादी बघून. इंटरनेटवर फिरणारे शून्य ते पाच गुणांचे तक्तेही जपून वापरा. त्यांतले बरेचसे आकडे सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला तो घटक लावून केलेल्या जुन्या प्रयोगांतून आले आहेत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी लवकर बुजतो. पुढे २००६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे 'वाईट' ठरलेले घटक असलेली तयार उत्पादनं माणसांवर वापरून पाहिली, तेव्हा ती छिद्रं बुजवतीलच असं दिसलं नाही. घटक किती प्रमाणात आहे आणि कशात मिसळलाय, यावर खूप काही ठरतं.

तरी मी यादी वाचते. दारावरच्या माणसाचं नाव विचारावं, तितपत. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, आणि एक टक्क्याच्या खालचे कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. म्हणजे पहिले पाचसहा घटक महत्त्वाचे. त्यांत आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पाल्मिटेट, मायरिस्टिल मायरिस्टेट, कोको बटर किंवा खोबरेल दिसलं, तर जिथे मुरमं येतात तिथे रोज लावायची वस्तू म्हणून मी ती घेत नाही. यादीच्या शेपटाला असेल तर सोडून देते. 'ऑइल-फ्री' लिहिलेल्या डबीतही ही आयसोप्रोपिलवाली मंडळी सुखानं नांदतात, कारण तांत्रिकदृष्ट्या ती तेलं नव्हेत.

डायमेथिकोनसारख्या सिलिकोनचं नाव उगाच बदनाम आहे. ते छिद्रात शिरून बसत नाही, वर पातळ पडदा धरतं, आणि मुरमांच्या त्वचेला ते सहसा मानवतं. 'नैसर्गिक' या शब्दावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. सुगंधी तेलं नैसर्गिकच असतात, आणि चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवायला तीच पुढे असतात. सुगंध नसलेलं मिळत असेल तर तेच घ्या.

प्रकार कोणता घ्यावा? रोजसाठी पातळ, पाण्यासारखं ओघळणारं फाउंडेशन किंवा रंगीत सनस्क्रीन, आणि डागांपुरता एक घट्ट कन्सीलर. संपूर्ण चेहऱ्याला लागणारी स्टिक आणि डबीतली मेणचट क्रीम फाउंडेशनं शक्यतो टाळा. ती घट्ट राहावीत म्हणून त्यांत मेण आणि जड तेलं लागतात. सुटी मिनरल पावडरही चांगली: झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइड, अभ्रक. फक्त तिच्यात बिस्मथ ऑक्सीक्लोराइड असेल तर काहींना घाम आल्यावर खाज सुटते.

रंग निवडताना मुरमं असलेल्यांची एक ठरलेली चूक होते. आपण गालावर लावून बघतो, आणि गाल तर लाल असतो. त्या लालीशी जुळवलेला रंग मानेशेजारी गुलाबी मुखवट्यासारखा दिसतो. जबड्यावरून मानेवर एक रेघ ओढा, अर्धा तास थांबा, कारण बरीच फाउंडेशनं हवेत आणि त्वचेच्या तेलात मिसळून गडद होतात. मग उन्हाच्या उजेडात बघा. जी रेघ हरवते ती तुमची.

एका वेळी एकच

नवीन वस्तू आणलीत तर तिच्यासोबत दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. आधी पाचसहा दिवस जबड्याच्या एका कोपऱ्यावर, कानाच्या जरा खाली, रोज थोडीशी लावा. आग नाही, खाज नाही, तर चेहऱ्याच्या एकाच बाजूला दोन आठवडे. मग पूर्ण चेहरा. आणि निकाल सहा ते आठ आठवड्यांनी. एवढा धीर कुणाला असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण फोनमध्ये दर रविवारी त्याच खिडकीत एक फोटो काढून ठेवला तर वाद उरत नाही. मी एकदा एकाच आठवड्यात प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा गुळगुळीत थर), फाउंडेशन आणि सनस्क्रीन तिन्ही बदलली होती. महिन्याभरानं हनुवटी भरली, आणि तिघांपैकी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिन्ही द्यावी लागली.

मेकअपच्या आधी

सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, टॉवेलनं टिपा. घासायचं नाही. औषधी क्रीम डॉक्टरांनी सकाळी सांगितलं असेल तर ते आधी, पातळ. अ‍ॅडापलीनसारखी रेटिनॉइडं, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीची मुरमांची औषधं, सहसा रात्री लावतात. बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांचं दुसरं औषध लावत असाल तर रंगीत उशीचे अभ्रे आणि टॉवेल सांभाळा, ते कपड्यांचा रंग उडवतं.

या औषधांनी त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, आणि मेकअप नेमका त्या सालांना जाऊन चिकटतो. 'माझी त्वचा तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर कशाला' हे त्यामुळे चालत नाही. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं सोडून द्या. मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, दोन बोटांच्या लांबीएवढी. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असतं ते खरं, पण तेवढं संरक्षण मिळायला ते ज्या जाडीनं थापावं लागेल तसं कुणीच थापत नाही. ज्यांना मुरूम गेल्यावर तपकिरी डाग राहतात त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत सनस्क्रीन बघावी. असे डाग फक्त अतिनील किरणांनीच गडद होतात असं नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही होतात, आणि आयर्न ऑक्साइड तो अडवतं. शिवाय तिच्यात रंग असल्यामुळे खूपदा वेगळं फाउंडेशन लागतच नाही.

सनस्क्रीन बसायला आणखी दहा मिनिटं. या दहा मिनिटांत केस, कपडे, चहा उरका. ओल्या सनस्क्रीनवर फाउंडेशन ओढलं की रबरानं खोडल्यासारख्या गोळ्या निघतात. प्राइमर मात्र सगळ्यांना लागत नाही. नाकाच्या बाजूला आणि उथळ खड्ड्यांवर सिलिकोनचा प्राइमर बोटानं दाबून लावा, बाकी चेहरा मोकळा ठेवा.

लावण्याची पद्धत

तपकिरी डाग ठळक असतील तर फाउंडेशनच्या आधी पीच रंगाचा करेक्टर (डागाचा रंग मारणारा रंगीत कन्सीलर), त्वचा सावळी असेल तर नारिंगीकडे झुकणारा, फक्त डागावर आणि अगदी विरळ. लालीसाठी हिरवा सांगतात. गोऱ्या चेहऱ्यावर तो चालतो, सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखा दिसतो. तिथे पिवळसर छटेचा कन्सीलरच पुरतो.

फाउंडेशन मधून बाहेर न्यायचं. वाटाण्याएवढं हाताच्या पाठीवर घ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना ठिपके द्या आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजानं थोपटत बाहेर न्या. ओढायचं नाही. ओढलं की मुरमाच्या डोक्यावरचा रंग निघून पायथ्याशी गोळा होतो. जबड्यापर्यंत पोचेस्तोवर स्पंजावर जवळजवळ काही उरलेलं नसावं. हा थर पातळच राहू द्या, खालची लाली थोडी दिसली तरी बिघडत नाही. सगळा चेहरा एकाच रंगात बुडवला की तो भिंतीसारखा दिसतो.

आता तो एक मुरूम. इथे घाई करू नका. घट्ट कन्सीलर हाताच्या पाठीवर काढून बोटानं गरम करा, म्हणजे तो मऊ होईल. डोळ्यांच्या रेषा काढायच्या ब्रशासारखा टोकदार बारीक ब्रश घ्या. लाल भागावर एक ठिपका ठेवा आणि लाली जिथे संपते तिथून एक-दोन मिलिमीटर बाहेरपर्यंत न्या, त्याहून नको. आणि मग हात खाली घ्या. अर्धा ते एक मिनिट नुसतं थांबा. कन्सीलर किंचित आळतो, चिकट होतो. त्यानंतर स्वच्छ बोटाच्या टोकानं फक्त कड थोपटा, जिथे कन्सीलर आणि फाउंडेशन भेटतात ती रेघ. मधल्या भागाला बोट लागलं की सगळं पहिल्यापासून. कड विरली की छोट्या पफवर थोडी पावडर घेऊन वरून दाबा आणि उचला. लाली अजून डोकावत असेल तर पावडरनंतर दुसरा विरळ ठिपका, पुन्हा थांबणं, पुन्हा दाबणं. दोनदा केल्यावरही दिसत असेल तर तो उंचवटा दिसतोय, रंग नव्हे. तिथे थांबा.

खपली धरलेल्या मुरमावर हे चालत नाही, खपली कोरडी असते आणि रंग पिते. त्यावर आधी मॉइश्चरायझरचा कण ठेवा, दहा मिनिटांनी जास्तीचं टिपा, मग बोटानं कन्सीलर दाबा. फुटलेल्या, ओलसर मुरमावर काहीच नको. तो उघडा घाव आहे. त्यावर हायड्रोकोलॉइडची छोटी पारदर्शक चकती चिकटवा. ती द्रव शोषते, आणि मुख्य म्हणजे आपली बोटं लांब ठेवते. महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या सकाळी पिंपल फोडून त्यावर कन्सीलर बसवण्याचा उद्योग मी केलाय. दर वीस मिनिटांनी तो रंग पाझरून खाली यायचा, आणि फोटोंत मी एक हात कायम हनुवटीला लावून उभी आहे.

खड्ड्यांवर आणि पुळ्यांवर चमक नको. हायलायटर उजेड पकडतो आणि प्रत्येक उंचवट्याला सावली देतो. ब्लश पावडरचा, मॅट, मुरमं जिथे जास्त आहेत तिथून जरा वर, गालाच्या हाडावर. भुवया आणि ओठ नीट केले तर समोरच्याची नजर तिकडे जाते. युक्ती जुनी आहे, पण कन्सीलरच्या चौथ्या थरापेक्षा कैक पटींनी बरी.

दिवसभर

दुपारी तेल येतंच. त्यावर थेट पावडर मारली तर पिठलं होतं. आधी टिपकागद किंवा साधा टिश्यू दाबून तेल उचला, मगच वाटलं तर पावडर. पफ रोज धुतलेला किंवा दर वेळी नवा टिश्यू. व्यायाम करणार असाल तर मेकअप आधी उतरवा.

उतरवणं

माझ्या मते निम्मं नुकसान इथे होतं. ओल्या वाइपनं खसाखसा पुसून चेहरा 'स्वच्छ' करणं म्हणजे दाह झालेल्या जागेवर रोज रात्री घासणी फिरवणं. पाण्यात विरघळून निघणारा क्लिंझिंग बाम (मेकअप उतरवायचं मलम) किंवा मायसेलर वॉटर (मेकअप उचलणारं पाण्यासारखं द्रव) घ्या. बाम कोरड्या हातानं कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हलकेच फिरवा, पाणी लावून दुधाळ होऊ द्या, धुवा. मायसेलर वॉटर वापरलं तर कापसाचा बोळा भिजवून काही सेकंद ठेवून मग उचला, आणि डबीवर काहीही लिहिलेलं असो, नंतर चेहरा धुवा. त्यावर एकदा सौम्य फेसवॉश. दोन वेळा पुरे, तिसऱ्यांदा धुऊन त्वचा करकरीत करू नका. जबड्याची कड आणि केसांची रेघ हमखास राहून जाते. पांढऱ्या टॉवेलनं टिपून पाहा, डाग पडला तर कळेल.

आणि कितीही उशीर झाला तरी झोपण्याआधी. एखादी रात्र चुकली म्हणून आकाश कोसळत नाही, पण ती सवय होऊ देऊ नका.

सामान

चेहऱ्याचे ब्रश दर सात ते दहा दिवसांनी धुवा, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीचा सल्ला असाच आहे. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, आणि वाळवताना आडवे ठेवा, उभे ठेवले तर पाणी मुळात उतरून गोंद सुटतो. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवा आणि उघड्यावर वाळवा. ओला स्पंज डबीत कोंडला तर आत काळी बुरशी धरते. एकदा जुना स्पंज मधोमध कापून बघा, पुन्हा कुणी सांगायची गरज पडणार नाही. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं चित्र आणि त्यात १२ एम असं काही असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. उघडल्याची तारीख बुडाशी लिहून ठेवा. ब्रश आणि पफ बहिणीलासुद्धा देऊ नका. मुरूम 'लागत' नाहीत, पण इतर संसर्ग लागतात.

डॉक्टरांकडे कधी

खोल, दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडायला लागलेले, किंवा मुरमांसोबत पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस वाढलेले असतील तर मेकअपचा विषय बाजूला ठेवून वेळ घ्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा, रेटिनॉइडं तेव्हा चालत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या रेटिनॉइडच्या गोळ्या तर गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. त्या चालू असताना ओठ आणि त्वचा फार कोरडी पडते, मॅट लिपस्टिकचा हट्ट सोडा. चेहऱ्याचं वॅक्सिंगही नको, गोळ्या बंद झाल्यावर पुढचे सहा महिनेही, कारण वरची कातडी सोलून निघते.

तपासणीला जाताना चेहरा धुऊन जा, कन्सीलरचा एक ठिपकाही नको. आणि रोज जे जे लावता त्या सगळ्या डब्यांचे, मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीसकट, फोटो काढून न्या. केसांच्या तेलाचाही.